ब्रेक तुमच्या मुठीत आहे : इलेक्ट्रिक स्केटबोर्डच्या रिमोटचं चार्जिंग आणि निगा

सायकलच्या ब्रेकला रबराचे गुटके असतात, स्कूटरला ड्रम नाहीतर डिस्क. इलेक्ट्रिक स्केटबोर्ड उलटा करून पाहिलात तर बहुतेकांत असलं काहीच सापडत नाही. चार चाकं, एक किंवा दोन मोटरी, खालच्या पेटीत बॅटरी आणि मोटरींना हुकूम देणारं कंट्रोलर सर्किट, एवढाच सगळा संसार. बोर्ड थांबवायचा तर फिरत्या चाकाला मोटरकडूनच विरोध करून घ्यावा लागतो, आणि "आता विरोध कर" हे सांगणारी एकमेव वस्तू म्हणजे हातातला रिमोट. त्याच्या पोटातली बॅटरी बोटाच्या दोन पेरांएवढी. ती मध्येच बसली की बहुतेक बोर्ड मोटर मोकळी सोडतात आणि नुसते घरंगळत राहतात. सपाट रस्त्यावर असा बोर्ड हळूहळू थांबतो. उतारावर तो वेग घेत जातो.

लोक बोर्डाच्या मोठ्या बॅटरीची काळजी घेतात आणि रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा कुठेही टाकतात. माझ्या भाच्याचंही तसंच होतं. गेल्या मे महिन्यात, रात्री जेवणं झाल्यावर, आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या कॉलनीच्या आतल्या रस्त्यावर तो बोर्ड चालवत होता. आपल्या मालव्यात दिवसभर कितीही तापलं तरी रात्री वारा सुटतो, त्यामुळे उन्हाळ्यात मुलांची हीच वेळ. फाटकाकडच्या उतारावर रिमोट हातात थरथरला आणि बंद पडला. त्याने अंगठ्याने ब्रेक ओढला, काहीच झालं नाही. शेवटी त्याने बाजूच्या हिरवळीवर उडी मारली. कोपर सोलवटलं, हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. बोर्ड फाटकावर जाऊन आदळला. त्या वेळी तिथून कोणी म्हातारं माणूस चालत असतं तर काय झालं असतं, हा विचार त्या रात्री ताईला झोपू देईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांच्या वेळेला तो रिमोट घेऊन माझ्याकडे आला. "मामा, तू बघ ना. रात्रभर चार्जिंगला होता, दिवाही हिरवा होता." मी बरीच वर्षं सोल्डरिंगची कामं करतो, त्यामुळे घरातलं बिघडलेलं सगळं माझ्या टेबलावर येतं. रिमोट हातात घेतल्याबरोबर एक गोष्ट दिसली. दोन कवचांच्या मधल्या सांध्यात माझं नख सहज शिरत होतं. नव्या रिमोटचा सांधा असा उघडा नसतो. आतून काहीतरी त्याला रेटत होतं.

पाकिटावरचा आकडा

चार स्क्रू काढले. आत रुपेरी पाकिटासारखा सेल होता, पुरीसारखा टम्म फुगलेला. त्यावर छापलं होतं ६०२०३०. या आकड्यांची फोड सोपी आहे: जाडी ६.० मिलिमीटर, रुंदी २०, लांबी ३०. या मापाच्या सेलची क्षमता साधारण ३०० एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास, असते. फोनच्या बॅटरीपुढे ही म्हणजे चमचाभर.

हा लिथियम पॉलिमर सेल. फोन, हेडफोन, स्मार्ट घड्याळ सगळ्यांत हीच जात. सरासरी विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. त्या ४.२ च्या वर त्याला ढकललं तर आतली रसायनं बिघडायला लागतात, वायू तयार होतो आणि पाकीट फुगतं. फार जोरात भरलं तरी बिघडतात, फार तापवलं तरी बिघडतात. म्हणून सेल आणि चार्जिंगची केबल यांच्या मध्ये एक छोटी चिप बसवलेली असते. तिचं काम म्हणजे आपण नळावर कळशी भरतो तेच. सुरुवातीला नळ पूर्ण सोडायचा, पाणी गळ्याशी आलं की नळ बारीक करत न्यायचा आणि काठोकाठ झाली की बंद. सेल ४.२ पर्यंत पोचेतो चिप ठरलेला प्रवाह देते, मग दाब तिथेच धरून प्रवाह कमी कमी करत जाते आणि तो सुरुवातीच्या दहाव्या हिश्श्यावर आला की थांबवते. दिवा तेव्हा रंग बदलतो.

आता नळ किती सोडायचा हे कोण ठरवतं? भाच्याच्या रिमोटमध्ये मला खरा गुन्हेगार तिथे सापडला. दोन महिन्यांपूर्वी रिमोटचं चार्जिंगचं तोंड तुटलं होतं आणि एका दुरुस्तीवाल्याने त्या जागी बाजारात मिळणारी चार्जिंग सर्किटची तयार निळी पट्टी चिकटवून दिली होती. तिच्यावर टीपी४०५६ नावाची चिप. चिप चांगली आहे, मीही वापरतो. पण तिचा प्रवाह शेजारच्या एका रेझिस्टरवर, म्हणजे विजेला अडथळा करणाऱ्या तुकड्यावर, ठरतो, आणि तयार पट्टीवर तो रेझिस्टर १.२ किलो-ओहमचा असतो. मोहरीएवढ्या त्या तुकड्यावर भिंगातून १२२ असं वाचता येतं, म्हणजे १२ वर दोन शून्यं, १२०० ओहम. त्या हिशेबाने चिप १००० मिलिअँपिअर देते.

३०० एमएएचच्या सेलला १००० मिलिअँपिअर! अशा सेलला सर्वसाधारणपणे त्याच्या क्षमतेएवढा, म्हणजे ३०० मिलिअँपिअर, हा वरचा आकडा धरायचा. इथे तिपटीहून जास्त जात होता. कळशीवर अग्निशमनदलाचा पाइप सोडल्यासारखं. रोज तापून तापून सेल आतून म्हातारा झाला. भरल्यावर दिवा प्रामाणिकपणे हिरवा व्हायचा, कारण चिपला फक्त दाब आणि प्रवाह कळतो, सेलमध्ये खरंच किती उरलं आहे हे कळत नाही. म्हाताऱ्या सेलचा आतला अडथळा वाढलेला असतो. जरा जास्त प्रवाह मागितला की त्याचा दाब एकदम कोसळतो. "बॅटरी कमी आहे" असं सांगायला रिमोट थरथरतो, त्या थरथरीसाठी आतली इवलीशी मोटर फिरते, आणि तेवढ्या ओझ्यानेच आमच्या रिमोटचा सेल बसला. सावध करणारी थरथरच शेवटची ठरली.

म्हणून रिमोट कुणाकडूनही दुरुस्त करून घेतलात तर एकच प्रश्न नक्की विचारा: चार्जिंगचा प्रवाह किती ठेवलाय? उत्तर देता आलं नाही तर रिमोट परत घ्या. स्वतः पाहायचं असेल तर केबल आणि अडॅप्टरच्या मध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर मिळतो, व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही दाखवतो. इंदूरात जेल रोडवर नॉव्हेल्टी मार्केटच्या आसपास विचारलंत तर सापडेल. रिमोट बऱ्यापैकी रिकामा असताना लावा आणि आकडा बघा. मिलिअँपिअरचा आकडा सेलवरच्या एमएएचपेक्षा जास्त दिसला तर काहीतरी चुकलंय.

फास्ट चार्जरने रिमोट जळतो का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. चांगल्या बनावटीच्या फास्ट चार्जरने जळत नाही. ६५ वॉटचा चार्जर समोर आलेल्या वस्तूत ६५ वॉट कोंबत नाही. तो आधी ५ व्होल्टवर थांबतो, समोरच्याने ठरलेल्या भाषेत जास्त मागितलं तरच दाब वाढवतो. रिमोटला ती भाषाच येत नाही, तो ५ व्होल्टच घेतो. आणि प्रवाह किती ओढायचा हे रिमोटमधली चिप ठरवते, हे आपण वर पाहिलंच.

तरीही माझा सल्ला जुन्या फोनबरोबर आलेल्या ५ व्होल्ट, १ अँपिअरच्या साध्या अडॅप्टरचा. कारण धोका वॉटमध्ये नसून बनावटीत आहे. रस्त्यावरच्या बिनानावाच्या अडॅप्टरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि तुमच्या बोटांची बाजू यांच्यातलं अंतर कधीकधी केसाएवढं असतं. अडॅप्टर पालथा करून बघा. आपल्याकडे अडॅप्टर आणि लिथियम सेल या दोन्हींना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. मानकाचं चिन्ह आणि त्याखाली इंग्रजी आर अक्षरापुढे आठ आकडी क्रमांक असतो. अडॅप्टरसाठी मानक १३२५२, सेलसाठी १६०४६. तो क्रमांक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की कोणाची नोंदणी आहे ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. घरातल्या प्रत्येक अडॅप्टरसाठी एकदा जरूर करा.

अडॅप्टर नसेल तर लॅपटॉपच्या यूएसबी तोंडाला लावा, तेही उत्तम. पॉवर बँकही चालते, पण काही पॉवर बँका एवढा कमी प्रवाह ओढला जातोय म्हटल्यावर "कोणी लावलंच नाही" असं समजून आपणहून बंद होतात. सकाळी रिमोट अर्धाच भरलेला निघाला तर रिमोटला दोष देऊ नका.

एक ताकीद मात्र कडक. बोर्डाचा चार्जर वेगळा, रिमोटचा वेगळा. दहा सेल एकापुढे एक जोडलेल्या बोर्डाचा चार्जर ४२ व्होल्ट देतो, बारा सेलवाल्याचा ५०.४. त्याची पिन गोल असते, सहसा रिमोटमध्ये बसत नाही. पण "बसवून बघतो" म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. ५ व्होल्टच्या चिपला ४२ व्होल्ट लागले तर ती तत्क्षणी जाते, आणि जाताना सेललाही घेऊन जाऊ शकते.

केबलचं दुखणं

माझ्याकडे "मेलेले" म्हणून येणारे बरेच रिमोट ठणठणीत असतात. दुखणं केबलचं असतं. नव्या रिमोटना टाइप-सी तोंड असतं. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल नव्या चार्जरला लावली की काहीच होत नाही, दिवासुद्धा लागत नाही. जुनी, एका टोकाला चपटं मोठं यूएसबी असलेली केबल लावली की लगेच चालू.

याचं कारण मजेशीर आहे. टाइप-सीचा चार्जर आपणहून वीज सोडतच नाही. समोर खरंच कोणी घेणारं आहे का, हे तो दोन बारीक पिनांवरून तपासतो. घेणाऱ्या यंत्राने तिथे ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर ठेवायचे असतात. ती हजेरी लागली की वीज येते. स्वस्त रिमोट बनवणारे हे दोन रेझिस्टर गाळतात. किंमत म्हणाल तर काही पैसे! जुन्या चपट्या तोंडाचे चार्जर हजेरी घेत नाहीत, ५ व्होल्ट कायम हजर, म्हणून तिथे चालतं. तेव्हा रिमोटबरोबर डब्यात आलेली आखूड केबल फेकू नका. तिला दोऱ्याने रिमोटच्या पिशवीलाच बांधून ठेवा.

दुसरं दुखणं तोंडात बसलेल्या कचऱ्याचं. खिशातला कापसाचा गुंता आणि धूळ केबल आत पूर्ण जाऊ देत नाही. लाकडी दातकोरणीने, रिमोट बंद ठेवून, हलक्या हाताने काढा. टाचणी, पिन, स्क्रू ड्रायव्हरचं टोक नको. त्या तोंडाच्या आतल्या पिना एकमेकींना अगदी खेटून असतात, धातूने दोन पिना जोडल्या की काम तमाम.

कधी, कुठे, किती

फोनबद्दल आजकाल सांगतात की ८० टक्क्यांवर थांबा, सेल जास्त टिकतो. खरं आहे ते. पण रिमोटसाठी मी ते मानत नाही. इथे सेल वाचवण्यापेक्षा हाडं वाचवणं महत्त्वाचं, आणि सेल स्वस्त आहे. बाहेर पडण्याआधी रिमोट पूर्ण भरलेला हवा, प्रत्येक वेळी.

इथे एक गोंधळ फार होतो. रिमोटवरचे चार दिवे बऱ्याच वेळा बोर्डाची बॅटरी दाखवतात, रिमोटची नाही. रिमोटची स्वतःची खूण वेगळी असते, कुठे बटणाभोवतालचा दिवा लुकलुकतो, कुठे पडद्याच्या कोपऱ्यात बारीक चित्र असतं. आमच्या भाच्याला चार महिने हे माहीतच नव्हतं. चारही दिवे लागलेत म्हणून तो निर्धास्त. माहितीपत्रक काढून एकदा खात्री करून घ्या की कोणता दिवा कोणाचा.

आणि रिमोटच्या खुणेवरही अर्धाच विश्वास. लिथियम सेलचा दाब बराच वेळ ३.९ ते ३.६ व्होल्टच्या मध्ये संथ उतरतो, मग ३.५ च्या खाली गेला की विहिरीत दगड पडावा तसा जातो. त्यामुळे "अजून एक काडी आहे" म्हणून शेवटची फेरी मारायची नाही. रिमोट पहिल्यांदा थरथरला, त्याच क्षणी वेग कमी करून उतरायचं. आणि निघण्याआधी रोज एक परीक्षा: बोर्ड चालू करा, त्यावर न चढता हाताने पुढे ढकला आणि रिमोटने ब्रेक लावा. चाकं अडली पाहिजेत. या पाच सेकंदांत रिमोट, जोडणी आणि ब्रेक तिन्ही तपासून होतात.

चार्जिंगची जागा म्हणजे गादी, उशी, सोफा मुळीच नव्हे. आपल्याकडे घरोघरी कोटा दगडाच्या फरश्या आणि ओटे आहेत, तीच उत्तम जागा. दगड जळत नाही, वर उष्णता ओढून घेतो. शेजारी पडदा, वर्तमानपत्रांची रद्दी नको. रात्री झोपताना लावून ठेवू नका. चांगली चिप वेळेवर थांबते हे खरं, पण तुमच्या रिमोटमधली चिप चांगली आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही, आणि आमच्या रिमोटमध्ये काय निघालं ते तुम्ही वाचलंत. साधा रिमोट दोन-तीन तासांत भरतो. आपण जागे असताना लावा, मधून हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हातात धरवेना इतका गरम असेल तर काढा आणि पुन्हा लावू नका.

उन्हाचं सांगायला हवं. लिथियम सेल साधारण ० ते ४५ अंशांच्या मध्येच भरायचा असतो. खालच्या टोकाची चिंता इंदूरात नाही, जानेवारीतल्या कडक थंडीतही घरात पारा शून्याला जात नाही. वरच्या टोकाची मात्र आहे. मे महिन्यात बाहेर ४० च्या वर असताना बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ६० अंश सहज होतात. तिथे ठेवलेला रिमोट न वापरताही म्हातारा होतो, आणि पूर्ण भरलेला असेल तर आणखी लवकर. बाहेरून फिरून आल्या आल्याही लावू नका. अर्धा तास पंख्याखाली ठेवा, मग लावा.

पावसाळ्यात बोर्ड चार महिने कपाटात जातो. तेव्हा रिमोट अर्धा भरून ठेवा, सेलचा दाब ३.८ व्होल्टच्या आसपास. रिमोट बंद असला तरी आतलं सर्किट कणाकणाने सेल पीत असतं. महिन्या-दीड महिन्याने काढून थोडा भरा. पूर्ण रिकामा ठेवलेला रिमोट गणपतीनंतर बाहेर काढतात तेव्हा तो उठतच नाही. सेल फार खाली गेला की संरक्षक सर्किट त्याला तोडून टाकतं. मग कोणीतरी म्हणतं, बाहेरून झटका देऊन जागा करू. करू नका, आणि करू देऊ नका. फार काळ तळाला राहिलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळतं आणि पुन्हा भरताना नको तिथे जमतं. तो सेल चालू होतो, पण पुढे कधीतरी आतल्या आत शॉर्ट होतो. नवा सेल घाला.

नवा घालताना लाल-काळ्या तारा आणि कनेक्टरमधली त्यांची जागा नीट जुळवा. दोन कारखान्यांचे कनेक्टर दिसायला एकसारखे असतात, पण एकात लाल डावीकडे तर दुसऱ्यात उजवीकडे. मल्टिमीटरने बघितल्याशिवाय जोडू नका.

अंगठ्याखालचं चाक

चार्जिंगइतकाच जीव ज्यावर अवलंबून आहे ते म्हणजे अंगठ्याने फिरवायचं चाक. पुढे ढकललं की वेग, मागे ओढलं की ब्रेक, सोडलं की आतली स्प्रिंग ते मध्यावर आणते. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. चाक मध्यावर आलं नाही आणि थोडं पुढेच अडकलं, तर बोर्डाला वाटतं तुम्ही वेग मागताय.

आणि इंदूरात ते अडकायला कारणं भरपूर! मुलं रात्री फेरी मारून सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जातात, जिलबी खातात, पाकाने चिकट झालेल्या अंगठ्याने पुन्हा रिमोट धरतात. पाक वाळला की चाकाच्या फटीत डिंकासारखा बसतो. भाच्याच्या एका मित्राचा रिमोट उघडला तेव्हा चाकाच्या कडेला अक्षरशः केशरी खडीसाखर होती, आणि तिच्यात शेवेचा चुरा रुतलेला. चाक सुटत होतं, पण मध्याच्या जरा अलीकडे थांबत होतं. त्याला वाटायचं बोर्डच आपणहून हळू चालतो.

साफ करायला रिमोट बंद करा, कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून निथळून घ्या आणि चाक फिरवत कडेने पुसा. पाक असेल तर आधी किंचित ओलसर, घट्ट पिळलेला कपडा, मग अल्कोहोल. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, गंज काढायचा फवारा यांतलं काही नको. तेलाने चाक एक दिवस मऊ चालतं, मग तेच तेल धूळ धरतं आणि पूर्वीपेक्षा घट्ट होतं. काही फवाऱ्यांनी प्लॅस्टिकलाच तडे जातात.

बऱ्याच रिमोटमध्ये चाकात लहान चुंबक असतो आणि समोरचा हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकत्व ओळखणारा तुकडा, त्याचा कोन वाचतो. काहीच घासत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं टिकतं. पण चुंबक लोखंडाचा किस ओढतो, आणि बाहेरचा दांडगा चुंबक, म्हणजे गाडीतला फोन धरायचा किंवा पर्सच्या झाकणाचा, सेन्सरची दिशाभूल करू शकतो. रिमोट त्यांच्यापासून लांब ठेवा.

रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा हवेत गुलाल आणि 'मिसाइल' नावाच्या फवारा यंत्रांतून उडणारं रंगाचं पाणी. त्या दिवशी बोर्ड आणि रिमोट घरीच असू द्या. गुलाल इतका बारीक की रबरी झाकणाच्या आतही जातो, आणि ओला झाला की लेप होऊन बसतो.

पाण्यात पडलाच तर लगेच बंद करा, चार्जिंगला मुळीच लावू नका, केबलचं तोंड खाली करून झटका. तांदळाच्या डब्यात ठेवण्याने फायदा नाही, तांदळाचं पीठच आत जातं. स्क्रू काढता येत असतील तर उघडून सेलचा कनेक्टर सोडवा, अल्कोहोलने पुसा आणि पंख्यासमोर दोन दिवस ठेवा. ओल्या रिमोटला वीज दिली की पाणी आणि वीज मिळून तांब्याच्या रेघा खातात, हिरवट थर येतो. तो रिमोट महिनाभराने, अगदी भलत्या वेळी दगा देतो.

राहिला रेडिओचा भाग. रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो, वायफाय आणि ब्लूटूथचाच पट्टा. माणसाचं शरीर या लहरी बऱ्यापैकी शोषतं, म्हणून रिमोट पाठीमागे किंवा जॅकेटच्या आत धरू नका. मनगटाला दोरी असू द्या. हातातून निसटलेला रिमोट म्हणजे निसटलेला ब्रेक.

फुगलेल्या सेलचं काय करायचं

दाबून बसवू नका, टोचून हवा काढू नका. आतला वायू विषारी असतो आणि टोचल्यावर आतले थर एकमेकांना टेकून पेट घेऊ शकतात. तारा एकेक करून वेगवेगळ्या कापा, दोन्ही एकदम कात्रीत धरल्या तर शॉर्ट होतो. टोकांना चिकटपट्टी लावा. सेल पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा, डबा घराबाहेर, सावलीत, झाकण घट्ट न लावता.

चार्जिंग चालू असताना धूर किंवा सुरसुर ऐकू आली तर आधी भिंतीवरचं बटण बंद. मग चिमट्याने धरून पाण्याच्या बादलीत. "लिथियमवर पाणी नको" हे शुद्ध लिथियम धातूसाठी खरं, पण या चार्ज होणाऱ्या सेलमध्ये तशी धातूची लगड नसते आणि पाण्याने तो थंड होतो. धूर नाकातोंडात जाऊ देऊ नका. मात्र पेटलेली बोर्डाची मोठी बॅटरी असेल तर बादलीचे प्रयोग नकोत, सगळ्यांना बाहेर काढून दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ लावा.

सेल टाकायचा कुठे? ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकला तर तो गाडीत दाबला जातो आणि पेटतो, त्यात सफाई करणाऱ्या माणसाचा हात जातो. आपल्या गावात कचरा सहा प्रकारांत वेगळा घेतला जातो, त्यात ई-कचरा आणि घरातला घातक कचरा यांची जागा स्वतंत्र आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही जुन्या बॅटऱ्या गोळा करून घेण्याची जबाबदारी टाकली आहे, तेव्हा विक्रेत्यालाही बिनधास्त विचारा.

आमचा सेल ताईच्या गॅलरीत दोन दिवस वाळूत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली तेव्हा भाचा स्वतः डबा घेऊन खाली गेला आणि गाडीवरच्या दादांना म्हणाला, "हा फुगलेला बॅटरीचा सेल आहे, दाबू नका." त्यांनी तो मागच्या वेगळ्या खोक्यात अलगद ठेवला. त्याच दुपारी मी रिमोटमध्ये नवा सेल बसवला, पट्टीवरचा १२२ काढून तिथे १०३ लावला, म्हणजे १० किलो-ओहम, प्रवाह १३० मिलिअँपिअर. आता रिमोट भरायला तीन तास लागतात. भाचा शाळेतून आला की दगडी ओट्यावर लावतो आणि जेवायला बसण्याआधी काढतो.